घशातल्या पिशवीचं दुर्बिणीतून ऑपरेशन : घरी परतल्यावर पहिले १५ दिवस कसे सांभाळायचे?

माहूर : जेवताना घास नरड्यात अडकतो. रात्री झोपेत ठसका लागतो. सकाळी उशीवर कालच्या जेवणातली भाताची शितं दिसतात. माणूस सत्तरीच्या पुढचा असेल तर घरातले लोक 'आता वय झालं' म्हणून विषय सोडून देतात. पण अशा काही जणांच्या घशाच्या मागच्या बाजूला अन्न साठणारी एक पिशवी तयार झालेली असते. वैद्यकीय भाषेत तिला 'झेंकर डायव्हर्टिक्युलम' म्हणतात. आजार तसा दुर्मीळ आहे आणि आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा कमीच दिसतो. त्यामुळे अनेकदा दमा, ॲसिडिटी किंवा कॅन्सरची शंका धरून वर्ष-दोन वर्षं निघून जातात.

यावर तोंडातून दुर्बीण आणि स्टेपलर घालून ऑपरेशन करता येतं. मानेवर टाका पडत नाही आणि सगळं सुरळीत असेल तर एक-दोन दिवसांत सुट्टीही मिळते. पेशंट चालत घरी येतो, बाहेर जखम दिसत नाही, म्हणून घरचे निर्धास्त होतात. आत मात्र अन्नाच्या वाटेवर ताजी कापलेली आणि पिनांनी बंद केलेली जखम असते. ती सुटली तर थुंकी आणि अन्न छातीत उतरतं आणि तास-दीड तासाचा उशीरही महागात पडू शकतो. माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणूनच काय खायचं, कशाकडे लक्ष ठेवायचं आणि कधी लगेच निघायचं हे घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असायला हवं.

पिशवी तयार कशी होते?

घसा जिथे संपतो आणि अन्ननलिका सुरू होते तिथे स्नायूचं एक कडं असतं. एरवी ते मिटलेलं असतं, घास गिळताना उघडतं आणि लगेच पुन्हा मिटतं. वयानुसार हे कडं ताठर झालं की वेळेवर नीट उघडत नाही. वरून घास ढकलला जातो, खाली दार अर्धवट बंद. मग दाबामुळे कड्याच्या वरची घशाच्या मागच्या भिंतीतली कमजोर जागा हळूहळू बाहेर फुगते. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब जशी फुग्यासारखी बाहेर येते, तसाच हा प्रकार.

पिशवीत अन्न, पाणी, गोळ्या साठत राहतात. त्यामुळे पुढची लक्षणं दिसतात :

- खाल्लेलं अन्न काही तासांनी, न पचलेल्या स्थितीत तोंडात परत येणं
- पाणी पिताना गळ्यात गुडगुड आवाज
- तोंडाला उग्र वास
- आडवं झाल्यावर खोकला, ठसका
- वजन घटणं
- पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं

आजाराची खात्री बेरियमच्या तपासणीत होते. पेशंटला पांढरं औषध गिळायला देऊन एक्स-रे काढतात. पिशवी असेल तर तीत औषध साठलेलं स्पष्ट दिसतं.

स्टेपलर नेमकं काय करतं?

पिशवी आणि अन्ननलिका यांच्या मध्ये एक सामाईक भिंत असते आणि ते ताठर कडं त्याच भिंतीत असतं. पूर्ण भूल देऊन तोंडातून एक खास नळी घालतात. स्टेपलरचा एक जबडा अन्ननलिकेत, दुसरा पिशवीत अशा पद्धतीने मधली भिंत पकडतात. यंत्र दाबलं की दोन्ही बाजूंना बारीक टायटॅनियमच्या पिनांच्या रांगा बसतात आणि मधोमध भिंत कापली जाते. म्हणजे कापलेल्या कडा त्याच वेळी शिवल्याही जातात. कडं सैल होतं, पिशवी आणि अन्ननलिका एकच वाट होते आणि अन्न साठायला जागा उरत नाही.

ही सोय यायला बराच काळ गेला. १८७७ मध्ये जर्मन डॉक्टर झेंकर आणि त्यांचे सहकारी त्सिमसेन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला झेंकर यांचं नाव पडलं. १९१७ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर मोशर यांनी तोंडातूनच ती भिंत कापायला सुरुवात केली. तेव्हा कडा शिवण्याची सोय नव्हती. त्यांचा एक पेशंट छातीतल्या संसर्गाने दगावला आणि त्यांनी ती पद्धत बंद केली. पुढे १९६० च्या सुमारास स्वीडनचे डॉक्टर डोलमन यांनी विजेच्या डागणीने कापण्याची पद्धत रूढ केली. १९९३ मध्ये बेल्जियम आणि इंग्लंडच्या डॉक्टरांनी स्टेपलर वापरला आणि भिंत कापतानाच कडा बंद होऊ लागल्या. मोशर यांच्या पेशंटचा जीव ज्या धोक्याने घेतला, तो यामुळे बराच कमी झाला. पूर्ण गेला मात्र नाही.

कोणते त्रास होऊ शकतात?

- भोक पडणं किंवा शिवण सुटणं. प्रमाण कमी, पण सगळ्यात गंभीर. थुंकी आणि जंतू मानेत व छातीत पसरतात.
- रक्तस्राव. पहिल्या दिवशी थुंकीत रक्ताची रेघ दिसणं चालतं. तोंड भरून लाल रक्त येणं किंवा डांबरासारखी काळी शी होणं चालत नाही.
- अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया. अशक्त, लकवा होऊन गेलेल्या आणि झोपून असलेल्या पेशंटमध्ये जास्त.
- दात हलणं, ओठ किंवा हिरडीला इजा. नळी कडक असते, त्यामुळे होऊ शकते.
- आवाज बसणं. बहुतेकदा काही दिवसांत सुटतो. दोन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल, किंवा सोबत पाणी पिताना ठसका लागत असेल, तर दाखवणं गरजेचं.
- त्रास परत येणं. काही जणांना महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा घास अडकू लागतो. त्यावर पुन्हा उपचार करता येतात.

ऑपरेशनच्या आधीच टळणारे धोके

निम्मी काळजी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते.

एक, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. हृदयविकार किंवा लकव्यासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी औषधं चालू असतील तर सर्जनला चिठ्ठीसकट दाखवावीत. त्या आपल्या मनाने बंदही करू नयेत आणि लपवूनही ठेवू नयेत. कोणती, किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतात.

दोन, पिशवी रिकामी असणं. उपाशीपोटी आलेल्या पेशंटच्याही पिशवीत आदल्या दिवशीचं अन्न असू शकतं. भूल देताना ते फुप्फुसात गेलं तर ऑपरेशन सुरू होण्याआधीच अडचण उभी राहते. म्हणून डॉक्टर एक-दोन दिवस आधी फक्त पातळ आहार सांगतात तेव्हा तो तंतोतंत पाळावा. भूलतज्ज्ञाला 'घशात पिशवी आहे' हे पेशंटने किंवा नातेवाइकाने स्वतः सांगावं.

तीन, दात आणि मान. हलणारे दात, कवळी, मान मागे न वळणं, तोंड पूर्ण न उघडणं या गोष्टी आधी सांगाव्यात. काही पेशंटमध्ये या कारणांमुळे कडक नळी आत जातच नाही. अशा वेळी लवचीक दुर्बिणीने किंवा मानेवर छेद देऊन ऑपरेशन करावं लागतं. पिशवी अगदी लहान असेल तर स्टेपलरचा जबडा नीट बसत नाही, तेव्हाही दुसरा मार्ग निवडतात.

चार, तंबाखू. खर्रा, गुटखा, बिडी यांनी तोंडातली जखम भरायला वेळ लागतो आणि भुलीनंतर छातीत कफ साठतो. जितक्या आधी सुटेल तितकं चांगलं.

खाण्याचं वेळापत्रक

प्रत्येक डॉक्टरची पद्धत थोडी वेगळी असते आणि त्यांचा शब्द शेवटचा. सर्वसाधारण क्रम असा असतो :

*पहिले काही तास :* तोंडाने काहीच नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. नातेवाइकांनी 'नरडं कोरडं पडलंय' म्हणून चमच्याने पाणी पाजू नये. ओल्या कापसाने ओठ पुसले तरी पुरतं.

*डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर :* आधी पाण्याचे लहान घोट. त्रास झाला नाही तर नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, पातळ ताक, कोमट दूध.

*साधारण पहिला आठवडा :* पातळ आणि मऊ. तांदळाची पेज, गाळलेली आंबील, पातळ खीर, मिक्सरमधून काढलेलं मुगाचं वरण. सगळं कोमट. कढत चहा नको आणि झणझणीत काही नको.

*दुसरा आठवडा :* मऊ भात-वरण, मऊ उपमा, चांगलं पिकलेलं केळ कुस्करून, उकडून ठेचलेला बटाटा किंवा भोपळा.

*त्यानंतर :* डॉक्टरांना दाखवून हळूहळू रोजचं जेवण. ज्वारीची भाकरी सुरुवातीला दुधात किंवा वरणात पूर्ण भिजवून, मऊ झाल्यावरच.

पहिले दोन आठवडे घरात असूनही पेशंटपुढे न ठेवण्याच्या गोष्टी : कोरडी भाकरी, ठेचा, चिवडा, शेव, शेंगदाणे, पापड, सुकं खोबरं, मटणाचे तुकडे, काटेरी मासा. माहूरच्या घरात आणखी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे रेणुकामातेच्या गडावरचा तांबुलाचा प्रसाद. कुटलेला असला तरी विड्याच्या पानाचे दोरे आणि सुपारीचे कण त्यात असतात. पेशंटच्या हातावर ठेवला तर त्याने कपाळाला लावून बाजूला ठेवावा. महिन्याभराने, डॉक्टरांनी मोकळीक दिली की खाता येईल.

नवरात्राचे उपवासही या काळात नकोत. साबुदाण्याची खिचडी चिकट असते, शेंगदाण्याचा कूट टोचतो आणि निरंकार उपास धरला तर अशक्तपणा वाढतो. उपवासाचा फारच आग्रह असेल तर भगरीची पातळ पेज किंवा शिंगाड्याची लापशी घ्यावी.

खाताना पेशंट ताठ बसलेला असावा. घास लहान, चावणं सावकाश. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ नये. रात्री उशाशी दोन उशा किंवा गोधडीची घडी ठेवून डोकं वर ठेवावं.

ही चिन्हं दिसली की वाट पाहू नये

घसा दुखणं, गिळताना थोडं टोचणं, पहिल्या रात्री अंग किंचित कोमट लागणं हे अनेकांना होतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. पुढची चिन्हं मात्र वेगळी :

- छातीत किंवा पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखणं. विशेषतः गिळल्यावर वाढणारं
- थंडी वाजून ताप
- नाडी जोरात चालणं, धाप लागणं
- मान किंवा चेहरा सुजणं. मानेच्या कातडीवर बोट दाबल्यावर वाळलेल्या पाल्यावर दाबल्यासारखी कुरकुर जाणवणं
- काल गिळता येत होतं आणि आज थुंकीही गिळवत नाही
- तोंडातून लाल रक्त किंवा रक्ताची उलटी

यातलं एकही दिसलं तर शिवण सुटली असावी असं धरूनच पुढचं पाऊल टाकायचं. तपासणीत तसं काही निघालं नाही तर गाडीभाडं तेवढं गेलं. आणि शिवण खरंच सुटलेली असेल तर पहिल्या २४ तासांत उपचार सुरू झालेल्या पेशंटची वाचण्याची शक्यता नंतर आलेल्यांपेक्षा बरीच जास्त असते.

म्हाताऱ्या माणसांबाबत एक खास गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांना ताप कमी येतो आणि ते दुखणं सांगत नाहीत. 'जरा पाठ धरलीय' एवढंच म्हणतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात 'पाठ धरली' हे वाक्य कानावर आलं तर बाम चोळत बसू नये.

त्या वेळी काय करायचं?

तोंडाने सगळं बंद. पाणी, औषध, गोळी, तूप, काहीही नाही. घास अडकला म्हणून कोरड्या भाताचा गोळा किंवा केळ गिळायला देणं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, पाठीत बुक्के मारणं हे गावाकडचे उपाय या पेशंटवर करू नयेत. जोराच्या उलटीने ताजी शिवण फाटू शकते. उलटीची भावना होत असेल तर ती थांबवण्याचं इंजेक्शन घेणं योग्य.

१०८ वर फोन करावा आणि पहिलंच वाक्य असं सांगावं : 'घशाच्या आतून ऑपरेशन झालेलं आहे, इतके दिवस झाले, आता छातीत दुखतंय.' माहूरच्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन, ऑक्सिजन आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करून पेशंटला पुढे पाठवता येतं. नाकातून पोटात जाणारी नळी अंदाजाने घालू नये, हे नातेवाइकांनीही डॉक्टरांच्या कानावर घालावं. ती नळी पिशवीत किंवा ताज्या जखमेत शिरून भोक पाडू शकते.

पुढची गरज असते ती सीटी स्कॅन आणि सर्जन असलेल्या रुग्णालयाची. माहूरकरांसाठी असे दोन मोठे सरकारी पर्याय आहेत. एक, नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दुसरं, अंतराने जवळ असलेलं यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मात्र निघण्याआधी ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन लावून कुठे जायचं हे विचारून घ्यावं. रेल्वे किनवटला आहे, माहूरला नाही. म्हणून रात्री-अपरात्री कोणाची गाडी मिळेल हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

गळती लहान आणि लवकर सापडली तर अनेकदा उपाशी ठेवून, सलाईन आणि अँटिबायोटिकवर ती भरून येते. पू साठला असेल तर तो काढावा लागतो. कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

सुट्टी घेताना विचारायचे प्रश्न

शहरातून निघताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात :

१. कोणत्या दिवसापासून काय खायचं?
२. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या?
३. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन किती घ्यायचं? खाणं निम्म्यावर आलेलं असताना डोस पूर्वीचाच ठेवला तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात.
४. रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

गोळ्या गिळवत नसतील तर पातळ औषध मागावं. सगळ्याच गोळ्या कुटून देता येत नाहीत. दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

गाव दूर असेल तर सुट्टीनंतर लगेच एसटी पकडण्यापेक्षा दोन-तीन रात्री त्याच शहरात पाहुण्यांकडे काढाव्यात. शिवणीचा त्रास बहुतेकदा याच दिवसांत समोर येतो. घरी आल्यावर दोन आठवडे पाण्याची घागर, खताचं पोतं, वैरणीचा भारा उचलणं बंद. गडाच्या पायऱ्या चढणंही नंतर.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. आधार आणि रेशन कार्ड सोबत न्यावं.

पुढचे महिने

ऑपरेशननंतर पुन्हा बेरियमचा फोटो काढला तर लहानशी पिशवी दिसू शकते. स्टेपलर अगदी टोकापर्यंत कापत नाही, त्यामुळे तळाशी थोडी जागा उरते. फोटो पाहून घाबरण्यापेक्षा पेशंटला विचारावं : घास उतरतो का, रात्रीचा ठसका थांबला का, वजन वाढतंय का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर ऑपरेशन जमलं. महिन्यातून एकदा वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावं. गिळणं बरं असूनही वजन घटत असेल किंवा घास पुन्हा अडकू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं.

पिना टायटॅनियमच्या असतात आणि आतच राहतात, त्या काढाव्या लागत नाहीत. मात्र पुढे कधी एमआरआय, पोटाची दुर्बीण किंवा दुसरं ऑपरेशन ठरलं तर 'घशात स्टेपलरचं ऑपरेशन झालंय' हे आधी सांगायला हवं. बेशुद्ध माणूस हे सांगू शकत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून आधार कार्डाजवळ ठेवावी आणि ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असावं.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक पेशंटची तब्येत वेगळी असल्याने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा सल्लाच अंतिम मानावा.)